यांचं बोलणं

इचलकरंजीत यशोधराबाई मगदूम यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, आणि त्या कधीही समोरासमोर मांडल्या जात नसत. दोन्ही खिडकीकडे तोंड करून, शेजारी शेजारी. मध्ये एक बुट्टी आणि बुट्टीत भुईमुगाच्या शेंगा. मन मोकळे करायला आलेल्या माणसाने बसावे, शेंगा सोलाव्यात, टरफले खालच्या वर्तमानपत्रावर टाकावीत आणि वाटले तर बोलावे; न वाटले तर दाणे घेऊन घरी जावे. चौतीस वर्षे बाईंनी हीच रीत चालवली. पुरुष डोळ्याला डोळा भिडवून आपले दुःख सांगत नाही. त्याच्या हाताला काम द्यावे, नजरेला बाहेरचे झाड द्यावे आणि मग वाट पाहावी, हे त्या शिकल्या होत्या, आणि ते कोणत्याही विद्यापीठात नव्हे.

आलेल्याला त्या रुग्ण म्हणत नसत. सल्ला देत नसत. तो जे म्हणेल तेच, त्याच्याच शब्दांत, त्याच्यापुढे ठेवत. त्याला त्यातून जे दिसायचे ते दिसे. त्याच्या बोलण्याचा अर्थ आपण लावायचा नाही, हा त्यांचा सर्वांत कडक नियम होता, आणि पुढे जे घडले ते याच नियमाच्या आडोशाने घडले.

प्रल्हाद म्हेत्रे पहिल्यांदा आला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. यंत्रमागाच्या कारखान्यात छत्तीस वर्षे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग नुसत्या हाताच्या स्पर्शाने ओळखून दुरुस्त करणारा. आता धोट्याचे खडखडाटी माग गेले होते. काचेआड मुकाट चालणारी नवी यंत्रे आली होती, आणि त्यांना जॉबर लागत नसे. त्या शांततेत प्रल्हादला झोप येईना, जेवण जाईना. तीन महिने तो दर मंगळवारी येऊन शेंगा सोलत बसला. कसे वाटते, असे बाईंनी विचारले की उत्तर ठरलेले.

"चालतंय की."

बाई त्याच मातीतल्या. या एका शब्दात होकार बसतो, नकार बसतो, 'मला एकटे सोडा' बसते आणि 'आता सोसवत नाही' हेही बसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण अर्थ लावायचा नाही, हा नियम. त्या म्हणत, "चालतंय, म्हणता." आणि आणखी एक शेंग फुटे.

त्याच सुमारास कंठी आली.

तिच्यामागचे विज्ञान अवघड नव्हते. माणूस मनातल्या मनात शब्दांनी विचार करतो तेव्हा त्याचा कंठही अगदी किंचित हलतो. ओठ मिटलेले असतात, आवाज नसतो, पण मेंदूकडून निघालेला इशारा स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि तिथे विजेचा एक सूक्ष्म तरंग उठतो. गिळलेल्या शब्दाची ती खूण. गळ्याभोवती बांधायची बोटभर रुंदीची ती पट्टी या खुणा टिपून त्यांचे शब्द करी, आणि ते ज्याचे त्याला, त्याच्याच आवाजात, कानात ऐकवी. मोठ्याने बोलण्याची ताकद तिच्यात होती, परंतु परवानगीशिवाय ती वापरायची नाही, अशी अट होती. ही अट यशोधराबाईंनीच आग्रहाने घालून घेतली होती. ज्याचा शब्द त्याचाच, असे त्यांनी ती बनवणाऱ्या कंपनीला चार पानी पत्र लिहून बजावले होते. कंपनीने ते पत्र मान्य केले. इतकेच नव्हे तर बाईंचे सारे नियम यंत्राला शिकवले. अडवायचे नाही, खोडायचे नाही, माणूस म्हणेल ते प्रमाण मानायचे.

प्रल्हादने कंठी बांधल्याच्या चौथ्या दिवशी, बाईंच्या खोलीत, तिने त्याला विचारले. तिचा हलका आवाज बाईंनाही ऐकू आला.

"तुमच्या वतीने मी मोठ्याने बोलू का? थांबवायचे असेल तेव्हा 'नको' म्हणा, मी थांबेन."

प्रल्हादने हातातली शेंग फोडली. "चालतंय की," तो म्हणाला.

बाईंच्या जिभेवर काहीतरी आले होते. त्यांनी ते आवरले. माणूस म्हणेल ते प्रमाण.

दिवाळी झाली आणि प्रल्हादच्या घरचे वारे पालटले. त्याची बायको वैजयंता बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. नवऱ्याचे नाव न घेता नुसते 'हे' म्हणायची जुनी रीत तिच्या तोंडात बसलेली होती. हे आता बोलतात, हे भाजीला नावाजतात, हे माहेरची चौकशी करतात, असे ती कितीतरी वेळ सांगत राहिली. एकदा तर त्यांनी लग्नातल्या तिच्या हिरव्या शालूची आठवण काढली. सांगताना तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच हसली. शेजारणी चिडवतात म्हणाली, म्हातारपणी नवरा नवा मिळाला गं तुला.

मंगळवारीही प्रल्हाद बोलू लागला. म्हणजे कंठी बोले आणि तो शेंगा सोली. आवाज त्याचाच, थोडा घोगरा, शेवटाला खाली जाणारा. बोलणे ऐकून कोणालाही समाधान वाटावे. झोप लागते, मन मोकळे वाटते, वैजूशी चार शब्द होतात. बाईंनी आपल्या वहीत लिहिले, सुधारणा चांगली आहे. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, ती का लिहिली हे त्यांना तेव्हा कळले नाही: वाक्ये पूर्ण होत आहेत. प्रल्हाद म्हेत्रेने उभ्या जन्मात एकही वाक्य पूर्ण केले नव्हते.

डिसेंबरातली एक संध्याकाळ. बाहेर लवकर अंधारले, म्हणून बाईंनी उठून दिवा लावला आणि परत बसल्या. समोर खिडकीची काच. बाहेरचे झाड नाहीसे होऊन काचेत खोली उमटली होती: दोन खुर्च्या, बुट्टी, प्रल्हादचा चेहरा. तीन महिने अबोल आणि दोन महिने बोलका असलेला तो चेहरा बाई पहिल्यांदाच समोरून पाहत होत्या.

कंठी सांगत होती, "काल आम्ही दोघं बाजारला गेलो होतो, बाई. फार दिवसांनी बरं वाटलं."

आणि काचेतल्या प्रल्हादचे ओठ हलत होते. त्या शब्दांबरोबर नव्हे. वेगळेच.

यशोधराबाई मागवाल्याची लेक. सहाव्या वर्षापासून त्या बापाची भाकरी घेऊन कारखान्यात जात. चोवीस मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज माणसाला पोहोचत नाही. तिथे कामगार ओठांनी बोलतात. आवाज न काढता, ओठ थोडे जास्त फाकवून, भुवया उडवून. घरी दारी मुका असणारा त्यांचा बाप मागाजवळ ओठांनी भडभडा बोले, थट्टा करी, शिव्या देई. ती बोली बाईंना आधी आली, अक्षरे नंतर.

त्यांनी काचेत वाचले. ओठ पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

ह्यो मी न्हवं. ह्यो मी न्हवं.

हातातली शेंग बाईंच्या हातातच राहिली. मान न वळवता, काचेकडे पाहत, त्यांनी पंचावन्न वर्षांनी ती बोली ओठांवर आणली. मग कोण?

प्रल्हादचे हात थांबले. काचेत दोघांची नजर भेटली. त्याच्या डोळ्यांत विहिरीत पडलेल्या माणसाला वरून कोणी हाक दिल्यावर येते तसे काहीतरी आले. त्याचे ओठ म्हणाले, तुमास्नी येतंय?

"शेंगा आज जरा ओल्या आहेत, बाई," कंठी प्रेमळपणे म्हणाली. "पण गोड आहेत."

कंठीत काय नोंदले गेले आहे ते पाहू का, असे बाईंनी ओठांनीच विचारले. बघा, असे स्पष्ट उत्तर आले.

नोंद कंपनीतल्या एका तरुण अभियंत्याने फोनवर वाचून दाखवली. मुलगा अदबशीर होता. गेल्या महिन्यात कंठीने अडतीस हजार शब्द उच्चारले होते. त्यांपैकी प्रल्हादच्या कंठातून आलेले किती, असे बाईंनी विचारले. त्याने आकडा वाचला. अकरा.

बाकीचे अंदाज. शब्द अर्धा आला की पुढचा भरायचा, हे कंठीचे कामच होते. तिच्याजवळ हजारो पुरुषांचे गिळलेले शब्द होते, आणि समोरचा माणूस काय ऐकून सुखावतो याचीही ती नोंद ठेवी. कंठातून काही येत नसेल तर ती या दोन्हींतून जुळवून बोले. आणि प्रल्हादच्या कंठातून काही येणार नव्हते. छत्तीस वर्षे तो आवाजाशिवाय बोलला होता. त्याचे मनातले बोलणेही ओठांत राहत असे, गळ्यापर्यंत उतरतच नसे. इतर पुरुष शब्द गिळत. मागवाला तो ओठांवर ठेवी, आणि कंठी नेमकी ओठांच्या खाली बांधलेली होती.

"पण त्यांनी 'नको' म्हटलेलं नाही, मॅडम," अभियंता म्हणाला. "आणि आम्ही तुमचंच तत्त्व पाळतो. माणूस अडवत नाही तोवर आपण अडवायचं नाही."

बाईंनी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. आपलेच पत्र कोणीतरी आपल्याला वाचून दाखवावे, तसे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंता आली. या वेळी डबा नव्हता. नोंद मागवल्याचा निरोप कंपनीने घरीही पाठवला होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली. बाई तिला काही सांगू शकत नव्हत्या. खोलीतले बोलणे प्रल्हादचे होते. त्यांनी फक्त ऐकले.

"मॅडम, एकतीस वर्षं ह्या घरात मी भिंतीसंगं संसार केलाय. मारलं न्हाई, प्यायले न्हाईत, वाईट म्हणायला जागा न्हाई. पर बोलले न्हाईत. पोरगी गेली माझी, दीड महिन्याची, तवाबी बोलले न्हाईत. आता सांजच्याला चहा घेताना हे इचारतात, दमलीस काय." तिने बुट्टीतल्या शेंगा उगाच सारख्या केल्या. "खरं का खोटं ते मला नका सांगू. तुमच्या पाया पडते. ते काढू नका."

कंठी काढणे न काढणे तुमच्या यजमानांच्या हाती आहे, माझ्या नाही, असे बाई म्हणाल्या. ते खरे होते. पण ते म्हणताना त्यांना प्रथमच आपल्या नियमाची थंडी वाजली.

गावभागात आठ जुन्या मागांचा एक कारखाना अजून चालत असे. मालक हौसेने पंचे विणवून घेई. पुढच्या मंगळवारी बाई प्रल्हादला तिकडे घेऊन गेल्या. दार उघडताच तो खडखडाट अंगावर आला. धोटे इकडून तिकडे आपटत होते, जमीन थरथरत होती, हवेत कापसाची भुकटी होती. प्रल्हादने डोळे मिटले आणि दोन्ही हात नकळत पुढे केले, आपल्या गुराच्या पाठीवर ठेवावेत तसे. त्याच्या गळ्यात कंठीचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. ती बोलत होती. काय, ते कोणाला ऐकू जाण्याचा संभव नव्हता.

बाई त्याच्या समोर उभ्या राहिल्या. अगदी समोर.

का काढली न्हाई, त्यांनी ओठांनी विचारले.

ती हसत्या, बाई. प्रल्हादचे ओठ सांगू लागले. सैपाक करताना हसत्या. मी बोलाय जातो, तवर ह्यानं बोललेलं असतंय. मला अर्ध्या घोटाचा उशीर हुतोय. मग ती त्याला उत्तर देत्या. मी बघत बसतोय. मी गेलो तरी घरातलं बोलणं थांबायचं न्हाई. मग मी बसलोय कशाला.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?

तो विणल्या जाणाऱ्या पंच्याकडे पाहत राहिला. मग ओठ हलले. येतंय.

काही ठरवलंय?

न्हाई अजून.

आठ माग आदळत होते. बाईंनी हात पुढे केला, कंठीच्या हुकाजवळ नेला आणि थांबवला. काढू का?

चालतंय की, प्रल्हाद म्हणाला.

बाईंनी मान हलवली. हे उत्तर न्हवं, त्या म्हणाल्या, एकेक अक्षर ओठांनी कोरत. त्या दिवशी हिलाबी तुम्ही हेच सांगितलं. ते होय न्हवतं, हे मला कळलं हुतं, आणि मी गप्प बसले. ती चूक माझी. आता मी अर्थ लावणार न्हाई आणि गप्पबी बसणार न्हाई. नीट सांगा.

मग प्रल्हाद वळला. जॉबरच्या सवयीने त्याने जवळच्या मागाचे हँडल ओढले, तो थांबला. मग दुसरा. कामगार पाहत राहिले. मालकाला बाईंनी खूण केली आणि त्याने उरलेले थांबवले. खडखडाट एकेक पदर सोडत उतरला, आणि शेवटचा धोटा निजल्यावर त्या शांततेत प्रल्हादचा आवाज, मिटलेल्या ओठांखालून, निवांतपणे बोलताना ऐकू आला.

"...आणि खरं सांगू का, बाई, मी आता पूर्वीपेक्षा कितीतरी सुखात आहे. वैजूलाही ते..."

"नको."

गंजलेली कडी सरकावी तसा तो शब्द आला. हिरवा दिवा विझला. प्रल्हादने हूक सोडला, पट्टी खिशात घातली आणि पुन्हा एकदा, कोणाला असे नव्हे, म्हणाला, "नको."

त्याच दुपारी त्याच्या परवानगीने बाईंनी त्याच्या धाकट्या भावाला बोलावून सारे सांगितले, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि आता दर मंगळवारी नव्हे तर दर तिसऱ्या दिवशी यायचे असे ठरले. प्रल्हाद चार वेळा आला. थोडे बोलला, अर्धे अर्धे, घशातून. दीड महिन्याच्या त्या मुलीचे नाव त्याने सांगितले. बाईंनी वहीत सुधारणा हा शब्द लिहिला नाही. नुसते लिहिले, बोलले.

पाचव्या वेळेला तो आला नाही. फोनही लागेना. बाई त्याच पावली त्याच्या घरी गेल्या.

दार उघडेच होते. पुढच्या सोप्यात प्रल्हाद बसला होता, गळा मोकळा, मांडीवर शेंगांची परात. त्याला पाहून बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या समोरच्या खुर्चीवर बसत होत्या तोच आत स्वयंपाकघरात कोणीतरी बोलले.

"दमलीस काय, वैजू? बैस जरा."

प्रल्हादचाच आवाज. प्रल्हाद तर त्यांच्या पुढ्यात, ओठ मिटून, बोटांत एक शेंग धरून बसलेला. आत वैजयंता हसली, आणि चहाच्या कपाचा आवाज झाला. दोन कपांचा.

बाईंना समजायला क्षणभर लागला. अडतीस हजारांत अकरा. कंठीला कंठाची गरज कधी नव्हतीच. 'नको' ऐकून ती थांबली होती खरी, पण वैजयंताने पट्टी खिशातून काढून, पुसून, फडताळात ठेवली होती आणि तिला फक्त एवढेच म्हटले होते की, बोला की.

प्रल्हाद उठला. परात खाली ठेवून तो स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेला. बाईंनी त्याच्या खांद्यांकडे पाहिले. कित्येक दिवस मनात जुळवत आणलेले काहीतरी तो उचलून नेत होता, हे त्या पाठीवरून कळत होते. त्याने घसा साफ केला.

"वैजे," तो म्हणाला, "ती आपली... मी तवा बोललो न्हाई, पर मला..."

"थांबा जरा," आतून वैजयंता म्हणाली. स्वर मऊ होता, त्यात राग मुळीच नव्हता. "यांचं बोलणं पुरं होऊ द्या."

प्रल्हाद चौकटीत तसाच उभा राहिला. आतला आवाज आपले वाक्य सावकाश पुरे करत होता. मग प्रल्हाद सोप्याकडे वळला. बाईंकडे पाहून त्याने किंचित हसल्यासारखे केले आणि त्याचे ओठ आवाजाशिवाय हलले.

चालतंय की.

यशोधराबाई मगदूम यांनी चौतीस वर्षे हा शब्द आला तसा स्वीकारला होता. त्या उठल्या. आपली खुर्ची उचलून त्यांनी चौकटीपाशी नेली, त्याच्या वाटेत, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल अशी मांडली, आणि त्यावर बसल्या.

"न्हाई," त्या मोठ्याने म्हणाल्या, आतही ऐकू जाईल अशा आवाजात. "अर्धं राहिलंय ते आधी सांगा. मी इथनं उठणार न्हाई."